पठारावरचे दिवस

कोणत्याही संकल्पाचे आरंभ, मध्य आणि शेवट असे तीन भाग असतात. आरंभाला उत्साहाची सोबत असते, शेवटाला यशाची. मधल्या भागाला मात्र कोणी सोबती नसतो, आणि बहुतेक संकल्प तेथेच मोडून पडतात. वजन कमी करण्याच्या संकल्पात याचा जितका प्रत्यय येतो, तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. दिवाळीचा फराळ संपतो, कपडे आवळू लागतात, डॉक्टर दोन शब्द सुनावतात, आणि आपण निश्चयाने कामाला लागतो. पहिल्या तीन आठवड्यांत काटा दोन-तीन किलोंनी खाली उतरतो. 'काय हो, बरेच बारीक झालात!' असे शेजारीपाजारी म्हणू लागतात. पुढे चार-सहा महिन्यांनी तोच काटा हट्टी मुलासारखा जागचा हलेनासा होतो. ताटात तेच, चालणे तितकेच, निग्रहही तोच. पण आठवड्यामागून आठवडे गेले तरी आकडा बदलत नाही. मग 'आमची अंगकाठीच अशी' किंवा 'आमच्या घराण्यातच आहे ते' अशी मनाची समजूत घालून माणूस संकल्प सोडतो, आणि घटलेले वजन वर्षभरात परत येते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत हा प्रश्न किंचित अधिक बिकट आहे, असे आम्हांस वाटते. कारण आपल्याकडे दोन स्वयंपाकघरांची चव एकत्र नांदते. आजीच्या हातची पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी आणि करंज्या आपण सोडल्या नाहीत. आणि ज्या गावाने आपल्याला आपले म्हटले, त्या गावाच्या चवीही जिभेवर बसल्या. इंदूरकरांना सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचा सराफा, बडोदेकरांना शेव-उसळ, बेळगावकरांना कुंदा, ग्वाल्हेरकरांना हिवाळ्यातली गजक. सण तर आपले आणि त्यांचे असे दुहेरी. अशा घरात वजन घटवणे हे एकट्यादुकट्याचे काम राहत नाही. म्हणूनच काटा अडतो त्या काळाचा विचार सर्व कुटुंबाने मिळून करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

शिकणाऱ्याचे पठार

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना 'पठार' ही संज्ञा नवी नाही. अमेरिकेतील ब्रायन आणि हार्टर या मानसशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये तारायंत्राचे काम शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख काढले. संदेश ऐकून घेण्याचा वेग आरंभी भराभर वाढे, मग कित्येक आठवडे जागच्या जागी राही आणि नंतर पुन्हा वर चढे. आलेखातील या सपाट भागास त्यांनी पठार म्हटले. शिकणारा तेवढ्या काळात रिकामा बसलेला नसतो. सुट्या अक्षरांवरून शब्दांवर आणि शब्दांवरून वाक्यांवर जाण्याची त्याची तयारी आतल्या आत चाललेली असते, असा उलगडा त्यांनी पुढे केला. वर्गात शिकविणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. सहा-सहा महिने अडखळत वाचणारे मूल एके दिवशी सरळ वाचू लागते.

वजनाचे पठार हुबेहूब असेच असते, असे आम्ही म्हणणार नाही. तेथे काही वेळा आत खरोखर बदल चाललेला असतो आणि काट्याला तो दिसत नाही. आणि काही वेळा शरीराचा जमाखर्च खरोखरच समसमान झालेला असतो. या दोन अवस्था बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांवरील उपाय वेगळे आहेत. म्हणून आधी ही उतरण कशी घडते ते समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या पंधरवड्याची फसवणूक

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखर 'ग्लायकोजेन' या रूपात साठविलेली असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी केला, विशेषतः भात, पोळी आणि गोड कमी केले, की शरीर प्रथम याच साठ्याला हात घालते. साठा उतरतो, त्याबरोबर पाणीही उतरते, आणि काटा आठ-दहा दिवसांत दीड-दोन किलो खाली येतो. आपण आनंदतो, पण यांतील चरबी थोडीच असते. पुढच्या महिन्यांत जे घटते ते मुख्यतः चरबीचे असते, म्हणून सावकाश घटते. जो पहिल्या पंधरवड्याच्या वेगावरून वर्षाचा हिशेब मांडतो, त्याच्या पदरी निराशा ठरलेली.

सणावाराला दोन दिवस पोटभर जेवले की काटा एकदम किलो-दीड किलो वर जातो, त्याचेही मर्म हेच. एक किलो चरबी अंगी लागायला साधारण साडेसात हजार कॅलरी जास्तीच्या जाव्या लागतात. लग्नघरच्या एका पंगतीत तेवढे खाणे भीमालाही जड जाईल! वाढलेले ते वजन बहुतांशी पाणी, मीठ आणि पोटातले अन्न असते. चार दिवस नेहमीच्या जेवणावर आले की ते ओसरते. त्या आकड्याने हबकून संकल्प सोडणे, हे खरे नुकसान.

शरीराचा जमाखर्च

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांनी त्यासाठी स्वेच्छेने अर्धपोटी राहण्याचे पत्करले. चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती मात्र वजनाच्या मानाने कितीतरी अधिक, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी, घटली. ते तरुण थंडीने कुडकुडत, हालचाल टाळत आणि रात्रंदिवस अन्नाचाच विचार करीत. शिवाय त्यांच्या अंगावर सूज चढली. तिच्या पाण्यामुळे झडलेले मांस काट्यावर पुरते दिसत नसे. शरीर अन्नटंचाईला दुष्काळ समजते, आणि दुष्काळात शहाणा गृहस्थ जे करतो तेच करते. ते खर्च आवरते आणि धान्याचा शोध वाढविते.

आपण काही त्या तरुणांइतके उपाशी राहत नाही; पण तोच नियम सौम्य रूपात आपल्यालाही लागू असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचे गणित मांडले. प्रौढ माणसाने रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट केली, तर त्याचे वजन अखेरीस साधारण एक किलोने कमी होऊन तेथे स्थिरावते. त्यातली निम्मी घट व्हायला सुमारे एक वर्ष लागते, आणि जवळजवळ पूर्ण घट व्हायला तीन वर्षे. अर्थात, रोज २४० कॅलरी कमी खाणाऱ्याचे वजन पहिल्या वर्षी पाच किलोंच्या आसपास घटेल, पुढे आणखी सावकाश घटत जाईल, आणि दहा किलोंच्या सुमारास थांबेल. थांबेल, कारण हलक्या शरीराचा खर्चच कमी असतो. डोक्यावर दोन घागरी घेऊन चालणारीला जे श्रम पडतात, ते एक घागर उतरल्यावर पडत नाहीत. ऐंशी किलोंच्या माणसाला जे अन्न कमी पडत होते, तेच त्याला बहात्तर किलोंवर जवळजवळ पुरू लागते. आपण निग्रह सोडला म्हणून काटा अडतो असे नव्हे. पूर्वीच्या निग्रहाचे फळ पुरते पदरात पडले म्हणूनही तो अडतो.

याच संशोधकांनी २०१६ मध्ये दुसरी गोष्ट दाखवून दिली, आणि आमच्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. वजन एक किलोने घटले की शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी उतरतो; भूक मात्र रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. काट्याला अडविणारा मोठा हात खर्चाचा नसून भुकेचा असतो. ही भूक पोटात आगडोंब उसळल्यासारखी येत नाही. ती दबक्या पावलांनी येते. भाताची मूद किंचित मोठी होते, चहाबरोबर एक बिस्किट अधिक जाते, संध्याकाळी डब्यातली शेव चिमूटभर तोंडात पडते; आणि आपण पूर्वीइतकेच खात आहोत असे आपल्याला मनापासून वाटत राहते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिंदितीय' अध्यायात स्थूल माणसाच्या व्यथा सांगताना अतिशय भूक आणि अतिशय तहान यांची गणना केली आहे, आणि व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा असा उपदेशही केला आहे. जुन्या वैद्यांनी भुकेला दुर्गुण न म्हणता व्याधीचे लक्षण म्हटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सांप्रत वजन घटविण्याची जी नवी इंजेक्शने निघाली आहेत, ती मुख्यतः या भुकेवरच काम करतात. पण पठार त्यांनाही चुकलेले नाही. सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वजन सरासरी पंधरा टक्क्यांनी घटले, आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास तेथे स्थिरावले. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले. दिवसातून दोनदाच जेवा असे सांगणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी, आणि थोड्या थोड्या अंतराने घरचे अन्न खा असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकरांचे अनुयायी आपल्या घराघरांत आहेत. त्यांचे वाद जेवणाच्या ताटावरही रंगतात. आमचे म्हणणे इतकेच, की वाट कोणतीही धरा, पठार दोहोंवर लागणार.

काट्याला न दिसणारे

वजनकाटा एकच गोष्ट सांगतो : शरीराचा एकूण भार. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे त्याला सांगता येत नाही. शिकागोत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही माणसांना सारखाच कमी आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास, आणि दुसरे दोन आठवडे साडेपाच तास निजण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सारखेच, सुमारे तीन किलो, घटले. पण झोप अपुरी असताना चरबीची घट निम्म्याहून कमी झाली, आणि स्नायूंची झीज वाढली. काटा दोन्ही वेळा तेच बोलला, आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये आपल्या दोघांचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून हेच दाखविले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगी चरबी ९.१ टक्के आणि मराठी डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर हलके दिसूनही पोटाभोवती चरबी बाळगून असतो, आणि मधुमेह व हृदयविकार यांचे नाते त्या चरबीशी अधिक जवळचे आहे. म्हणून घरात काट्याशेजारी शिंप्याची टेप असावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, ती धरावी. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा, अशी भारतीयांसाठी मर्यादा सांगितली आहे.

आमच्या परिचयातील एक वहिनी, वय एकोणपन्नास, गेल्या वर्षी याच अवस्थेत सापडल्या. त्यांच्या मातोश्रींची दृष्टी मधुमेहाने गेली होती, आणि वहिनींच्या स्वतःच्या रक्ताची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाल्याने त्या धास्तावल्या होत्या. पाच महिन्यांत त्यांनी ७९ वरून ७२ किलोंपर्यंत मजल मारली. मग सलग नऊ आठवडे काटा बहात्तरावरच. एके सायंकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मी काट्याचे सगळे ऐकते, काटा माझे काहीच ऐकत नाही. उद्यापासून फिरणे बंद. आईचे झाले तेच माझे व्हायचे असेल, तर मग निदान जिभेला तरी का मारू?" आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना चहा दिला, आणि टेप आणली. कमरेचा घेर आरंभी ९८ होता आणि काटा अडला तेव्हा ९२, हे वहिनींच्याच वहीत लिहिलेले होते. त्या दिवशी तो ९० भरला. काटा ज्या नऊ आठवड्यांत मुका होता, त्याच आठवड्यांत कंबर दोन सेंटिमीटरांनी उतरली होती. रोज सकाळी टेकडीपर्यंत जाणे आणि योगवर्गातील बारा सूर्यनमस्कार यांनी आपले काम केले होते. वहिनी बराच वेळ टेपेकडे पाहत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्या.

काटा अडल्यावर काय करावे

प्रथम, तो खरोखर अडला आहे का, हे पाहावे. वजन सकाळी, शौचास जाऊन आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर करावे. एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व देऊ नये; आठवड्याची सरासरी काढावी. लोणचे-पापड, रात्रीचे जागरण, स्त्रियांची मासिक पाळी, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखणारे स्नायू, या सर्वांनी शरीरात पाणी धरले जाते. चार आठवड्यांच्या सरासऱ्या आणि कमरेचा घेर, दोन्ही जागच्या जागी असतील, तरच पठार आले असे समजावे. केवळ काटा अडून घेर उतरत असेल, तर काहीही बदलू नये. चालले आहे ते चालू द्यावे.

दुसरे, तीन दिवसांची वही लिहावी. दोन साधे दिवस आणि एक सुटीचा. तोंडात जाईल ते प्रत्येक लिहावे, आणि ते खाल्ल्याबरोबर लिहावे. रात्री आठवून नव्हे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 'काही केल्या वजन घटत नाही' असे सांगणाऱ्या दहा जणांची काटेकोर तपासणी केली. त्यांच्या शरीराचा खर्च अगदी यथायोग्य निघाला. पण खाल्लेले त्यांनी जवळजवळ निम्म्याने कमी सांगितले होते, आणि केलेले श्रम दीडपट. ती माणसे लबाड नव्हती. खाणे विसरले जाते, श्रम लक्षात राहतात, हा मनुष्यस्वभाव आहे. वहिनींच्या वहीत दोन गोष्टी निघाल्या. आमटी-भाजीची चव पाहणे हे दिवसातून सहा-सात वेळा होत होते. आणि मुलांच्या पानात उरलेली अर्धी पोळी, 'अन्न टाकू नये' म्हणून, त्यांच्याच पोटात जात होती. अन्न पूर्णब्रह्म खरे, पण उरलेल्या पूर्णब्रह्माचे पात्र गृहिणीचे पोट नव्हे. मुलांना आधी अर्धीच पोळी वाढावी.

तिसरे, बदल लहान आणि कायमचा असावा. चार कप चहातून प्रत्येकी एक चमचा साखर कमी केली तर रोज सुमारे ८० कॅलरी वाचतात. कुटुंबाच्या फोडणीतून माणशी दोन चहाचे चमचे तेल कमी झाले तर ९०. पोह्यांवरची मूठभर शेव गेली तर आणखी ७०-८०. मिळून झाल्या अडीचशे. आणि कोणी उपाशी राहिले नाही. याउलट, पठाराला भिऊन एकवेळचे जेवणच तोडणारा माणूस आठ दिवसांत त्याची व्याजासह भरपाई करतो. उपवासाविषयीही हेच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप; 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी पोटभर अनुभवानेच रचली असणार.

चौथे, स्नायू जपावेत. डाळी, उसळी, ताक, दही, दूध, खात असल्यास अंडी-मासे, यांचा वाटा प्रत्येक जेवणात असावा. केवळ चालण्यावर भागवू नये. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्यांचा घरोघर प्रसार केला ते सूर्यनमस्कार आपल्याला परके नाहीत. ज्यांना तेवढे झेपत नाहीत त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा करावे आणि क्रमाने वाढवावे. झोपेचे सात-आठ तास हा आळस नसून उपचाराचा भाग आहे.

पाचवे, वैद्यकीय कारण शोधावे. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड, इन्सुलिन, मनोविकारांवरील काही औषधे यांमुळे वजन अडते किंवा वाढते. डॉक्टरांना विचारावे; औषध मनाने बंद करू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी सल्ला घेणे तर अत्यावश्यक.

घरच्यांचे काम

आपल्या संस्कृतीत आग्रह हे प्रेमाचे रूप आहे. 'एवढी एक पुरणपोळी, माझ्यासाठी!' या वाक्यापुढे भले भले निश्चय वितळतात. आग्रह सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याचे पात्र बदला, एवढेच म्हणू. काकडीच्या कोशिंबिरीचा, ताकाचा, जेवणानंतर शतपावलीचा आग्रह करावा. दुसरी गोष्ट, काट्याची चौकशी करू नये. 'किती उतरले?' हा प्रश्न पठारावरील माणसाला जखमेवरच्या मिठासारखा झोंबतो. 'आज फिरायला किती वाजता निघायचे?' हा प्रश्न विचारावा, आणि बरोबर निघावे. तिसरी गोष्ट पुरुषमंडळींसाठी. घरातील स्त्रीने स्वतःसाठी वेगळे शिजवावे आणि इतरांसाठी तळण तळावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कढईसमोर उभे राहून निग्रह पाळणे योग्यालाही कठीण. आणि फोडणीतले तेल घटल्याने नवऱ्याचे व मुलांचेही भलेच होते.

थांबणे म्हणजे काय?

आता मुख्य प्रश्न. इतके करूनही काटा हललाच नाही, तर? येथे दोन प्रयोगांचे निष्कर्ष प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावेत, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना सात टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायामाचे ध्येय दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. म्हणजे ऐंशी किलोंच्या माणसाला साडेपाच-सहा किलोंचीच बाब. तारुण्यातील वजन परत आणण्याची नव्हे.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्यांना नुसताच नेहमीचा सल्ला दिला, त्यांतील ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांचे चालणे आणि आहार नेटाने सुधारला, त्यांतील ३९ टक्के झाले. आणि आश्चर्य असे, की या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्याजोगे घटलेच नव्हते! काटा जवळजवळ तेथेच होता. पण शेकडा सोळा माणसे त्या काळात मधुमेहाच्या दाराशी जाऊन आत न शिरता राहिली. पठारावर चालत राहण्याचे मोल याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार?

गुडघ्यांचा हिशेबही असाच आहे. संधिवाताच्या रुग्णांवरील २००५ च्या एका अभ्यासानुसार वजन एक किलोने घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. पाच किलो घटवून ज्याचा काटा अडला आहे, तो दर पावलाला वीस किलो कमी ओझे वाहतो आहे. तो दिवसातून जितकी हजार पावले टाकतो, तितकी हजार वेळा ही मिळकत त्याच्या पदरात पडते. नवा आकडा मिळाला नाही म्हणून ही चालू मिळकत फेकून देणे शहाणपणाचे नाही.

शिवाय, वजन वर्षभर न वाढू देणे हेच मुळात कष्टाचे काम आहे, हे भुकेच्या गणितावरून दिसलेच. म्हणून काही महिने 'आता घटवायचे नाही, फक्त राखायचे' असे ठरविणे ही माघार नव्हे. लग्नसराई, परीक्षांचे दिवस, घरातले आजारपण, अशा काळात राखणे हेच ध्येय असावे. सवड झाली की पुढची पायरी उतरावी. वहिनींचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. वहीनंतर दोन महिन्यांत त्यांचे दीड किलो उतरले, आणि काटा साडेसत्तरावर पुन्हा अडला. तो तेथेच आहे. साखर ५.८ आहे, आणि जिना चढताना कठड्याचा आधार लागत नाही. पुढे वजन उतरेल किंवा उतरणारही नाही. पण या दोन गोष्टी टिकविण्यासाठी पहाटेचे फिरणे चालू आहे.

ज्या वाचकांचा काटा आज अडला आहे, त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. आकडा वहीत लिहा, टेप कमरेभोवती धरा, तीन दिवसांचा हिशेब मांडा, आणि उद्या सकाळी नेहमीच्या वेळी चपला घालून बाहेर पडा. शरीर आपल्या गतीने हिशेब चुकते करते. तोपर्यंत कमावलेले हातचे जाऊ न देणे, एवढे आपल्या हाती आहे.